आईच्या वजनाची स्प्रिंग

आबा, तुमच्या गाड्यांपैकी शेवटची परवा गेली. तुमच्या माघारी मी ती सांगलीला आणून ठेवली होती, तिथं पुण्याहून दोन मुलं टेंपो घेऊन आली होती. त्यांना जुन्या मोटारसायकली हव्या असतात, रानात आणि सडकेवर दोन्हीकडं चालणाऱ्या, आणि त्यातही कुणीतरी स्वतःच्या डोक्यानं स्प्रिंगा बदललेल्या. मागच्या चाकाजवळचं तुमचं वेल्डिंग त्यांनी बोटानं चाचपून बघितलं आणि एकानं विचारलं, हे असं कशासाठी केलंय. मी म्हटलं, माझ्या वडिलांना नाद होता. टेंपो गेल्यावर मी चहा केला, प्यायले, आणि आपल्याला काही वाटतंय का ते बघत बसले. फारसं काही वाटलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय.

नाद नव्हता, हे तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक. नादिष्ट माणूस गाडी पुसतो, चकचकीत ठेवतो, गावातून मिरवतो. तुमच्या गाड्या गोठ्याच्या पडवीत धूळ खात उभ्या असत आणि त्यांच्या सीटवर कोंबड्या बसत. उंब्रजजवळच्या आपल्या वस्तीवरून सडकेला यायचं तर उसामधली पाणंद, आणि कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॉल्यांनी त्या पाणंदीला गुडघाभर खोल चाकोऱ्या पाडलेल्या. पावसात जीप रुतायची आणि उन्हाळ्यात तिचं पोट मधल्या उंचवट्याला टेकायचं. नव्वद सालानंतरची ती वर्षं. माझं लग्न होऊन मी सांगलीला आले आणि त्याच हिवाळ्यात आई कडब्याच्या गंजीवरून पडली. मिरजेच्या डॉक्टरांनी मणक्याचा फोटो उजेडाला धरून सांगितलं, की घरात चालूफिरू दे, पण धक्का बसता कामा नये, बसला तर पाय जातील. दवाखान्यातून परत येताना सडकेपासून बैलगाडीत दोन गाद्या घालून तिला आणली, तरी पाणंदीत ती ओरडत होती. त्यानंतर ती वस्तीबाहेर पडली नाही. मी दिवाळीला माहेरी यायची, आणि तिचं माहेर कोरेगावला, एवढं जवळ, पण तिला जाता येत नव्हतं. तिकडं तिची आई अंथरुणाला खिळलेली. आईचं एकच म्हणणं होतं, की एकदा आयेला बघून यीन. भावकीतली पोरं बाजेवर घालून खांद्यावरून सडकेपर्यंत न्यायला तयार होती. तेव्हा ती म्हणाली, "मला बाजंवर एकदाच न्यायचं. तवा न्या." तिला बसून जायचं होतं, बसूनच पोचायचं होतं. मग तुम्ही गाड्या शोधायला लागलात.

पलटणीच्या वर्कशॉपात तुमची उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळं लोखंडाची तुम्हाला भीती नव्हती. पहिली आणलीत ती लष्कराच्या लिलावातली, पुढच्या चाकाला लांब दांड्या जोडलेली. मग इस्लामपूरच्या एका दूधवाल्याची, कॅन डचमळू नयेत म्हणून त्यानं मागं जीपच्या स्प्रिंगचे पाटे कापून बसवलेले. मग कोरेगावातून एक, ट्रॅक्टरच्या सीटची स्प्रिंग खाली घातलेली, मालकाचे गुडघे गेले होते म्हणून. कुणाच्या तरी दुखण्यापायी जिच्या शॉकपला, स्प्रिंगांना हात लागलाय तीच गाडी तुम्ही घ्यायचा. सरळ, कंपनीतून आली तशी गाडी कुणी फुकट दिली तरी तुम्ही बघत नव्हता. तुमची पद्धत ठरलेली. मालकाला म्हणायचं, तुमी चालवा, मला मागं बसवा, आणि हितला सगळ्यात वाईट रस्ता कंचा त्यावरनं न्या. आईला परक्या माणसामागं कशी बसवणार, म्हणून तिच्या जागेवर तुम्ही बसायचा. डोळे मिटून बसायचा म्हणे. मग उतरून पाठीला हात लावायचा आणि मान हलवायचा. वस्तीवर आणल्यावर आईला अंगणात बसवून एक फेरी मारायचा, ती अर्ध्या फेरीतच म्हणायची, "उतरवा मला." ती गाडी पडवीत जायची आणि तुम्ही पुढच्या शोधाला लागायचा. माझ्या सासरी तुमचा विषय निघाला की सगळे गालातल्या गालात हसत. भंगारवाले व्याही आले का, असं सासरे विचारत. मला राग यायचा, पण कुणाचा ते कळत नव्हतं.

एकदा तुम्ही सकाळी सकाळी सांगलीत माझ्या दारात उभे. इथल्या एका पोरानं चिखलातल्या शर्यतींसाठी गाडी केली होती, मागचे दोन्ही शॉकप तिरके घालून चाक वीतभर वर-खाली होईल असं, आणि आता लग्न ठरल्यामुळं घरचे त्याला ती विकायला लावत होते. तुम्ही मला बरोबर घेतलं. नदीकाठच्या खडकाळ वाटेवरून त्या पोरानं तुम्हाला मागं बसवून फिरवून आणलं. तुम्ही उतरलात, आणि तुमचा चेहरा असा उजळलेला मी नंतर कधी बघितला नाही. "लोणी हाय," तुम्ही म्हणालात. पोरानं सहज विचारलं, कुणासाठी घेताय काका. तुम्ही सांगितलंत. त्यानं मागची सीट हातानं दाबून बघितली आणि म्हणाला, "काकू अंगानं कशा हायत? तुमच्यागत?" मी म्हटलं, नाही, माझ्यासारखी, माझ्याहूनही वाळलेली. तर तो तुम्हाला म्हणाला, "मग ताईला बसवून बघा की. तुमच्या वजनाला स्प्रिंग दबतीया. हलक्या माणसाला ती दगडागत लागनार." तुम्ही गाडीवर बसलात, मला मागं घेतलंत आणि त्याच वाटेनं नेलंत. माझे दात एकमेकांवर आपटले. परत आल्यावर तुम्ही माझं तोंड बघितलंत. इतकी वर्षं, इतक्या गाड्या, आणि प्रत्येक गाडी तुम्ही तुमच्या पाठीसाठी घेतली होती. त्या पोराच्या ओसरीवर तुम्ही बराच वेळ पागोटं मांडीवर घेऊन बसलात. मग म्हणालात, गाडी घेतो.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यानं दिसतं. तुम्ही जोंधळ्याचं पोतं आईच्या वजनाचं भरता आणि मागच्या सीटवर बांधता. पडवीतल्या सगळ्या गाड्यांच्या स्प्रिंगा निघतात, कापल्या जातात, एकात एक बसतात. लोक बांधावर उभे राहून बघतात, आबा आता जोंधळ्याला फिरवायला न्यायला लागलं, म्हणतात. स्प्रिंग आईच्या मापाची झाली तेव्हा नवीनच अडचण, तुम्ही पुढं बसलात की गाडी बुडच टेकते. चालवणारंही हलकंच पाहिजे. सडकेवरच्या एसटीडी बूथवरून तुमचा फोन आला, "पोरी, तुला शिकाया लागंल." आठ दिवसांसाठी माहेरी जाते एवढंच मी सासूबाईंना सांगितलं. साडीचा काचा मारून मी पाणंदीत गाडी शिकले. आधी पोतं मागं घेऊन. तुम्ही बाजूनं चालत, पोत्यावर नजर ठेवून. पोतं हललं नाही, की खूश. पुढं सडकेवर लांब चालवणं मला जमणार नव्हतं, म्हणून तिथून टॅक्सी ठरली. सगळ्यात खोल चाकोऱ्यांमध्ये तुम्ही उसाचं पाचट अंथरलंत आणि वरून माती ओढलीत. एकट्यानं.

त्या दिवशी आईनं लग्नातलं लुगडं नेसलं होतं. तुम्ही पुढं जाऊन सडकेला टॅक्सीपाशी उभे राहिलात, म्हणजे वाटेतलं तुम्ही काही बघितलं नाही. आई माझ्यामागं बसली, दोन्ही हात माझ्या कमरेला, कपाळ माझ्या पाठीवर. मला वाटलं, आनंदानं टेकलीय. मऊ स्प्रिंग पाचटावर छान जात होती, पण पाण्याच्या पाटाच्या पुढं जिथं पाचट संपलं तिथं ती प्रत्येक चाकोरीत पार तळाला जाऊन लोखंडाला लोखंड लागत होतं. मी वेग कमी केला, आणखी कमी केला. बरं वाटतंय का, मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मागून "व्हय" आलं. पोतं तिथं कधी बोललं नव्हतं आणि आईही बोलली नाही. सडकेला तुम्ही पुढं आलात आणि धक्का नको म्हणून आपण दोघांनी तिला उचलूनच टॅक्सीत बसवलं. ती तुमच्याकडं बघून म्हणाली, "लय बरं आलं. पालखीत बसल्यागत." तुम्ही मान फिरवलीत आणि उगाच टायर दाबून बघितला.

कोरेगावात माय-लेकींची भेट झाली, त्याचं मी काय लिहू. आजी नंतर महिन्याभरातच गेली. आई मात्र परत आली नाही. तुम्ही न्यायला गेलात, तर म्हणाली, आता हितंच बरं हाय मला. आईमाघारी भावाच्या घरात कुणी राहतं का, पण ती राहिली, आणि मामा-मामीही काही बोलले नाहीत. तुम्ही दर रविवारी जायचात. ती सोप्यात गोधडी पांघरून बसलेली असायची, पाणी मामी आणून द्यायची. एकदा सांगलीला आला होता तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "आता उठून पाणीबी देत न्हाई ती." तक्रार म्हणून नाही, हवा-पाण्याचं सांगावं तसं. मलाही ती चढून गेल्यासारखी वाटली होती, दोनदा गेले तर जागेवरून हलली नव्हती. तुम्ही पुढंही गाड्या घेत राहिलात. मी विचारलं, आता कशाला. म्हणालात, यायची म्हणाली तर तयार असावं. मग एका सकाळी पडवीतच तुम्ही गेलात, हातात पाना होता, असं शेजाऱ्यांनी सांगितलं.

आई तुमच्या मातीला आली नाही. भावकीतल्या बायका जे बोलायचं ते बोलल्या, आणि खरं सांगते, त्यांच्याइतकीच मीही चिडले होते. दहावं-तेरावं झाल्यावर मी कोरेगावला गेले आणि तिला नको ते सगळं बोलले. तिनं ऐकून घेतलं. मग पायावरची गोधडी बाजूला केली. दोन्ही पाय काठीसारखे वाळलेले, तिनं एक पाय हातानं उचलून ठेवला तेव्हा मला कळलं. "पाणंदीतच गेलं," ती म्हणाली. "पाटापसनं पुढं खाली काय कळंना झालं. टॅक्सीत तुमी दोघांनी उचलून बसवलं न्हवं, म्हनून निभावलं." कुणाला सांगायचं नाही, अशी मामीला तिनं शपथ घातली होती. मी विचारलं, आबांना का नाही सांगितलंस, त्यांना वाटलं तू त्यांना टाकलंस. ती गोधडीचा टाका ओढत राहिली. "काय सांगू? तुमच्या गाडीनं माजं पाय गेलं, आसं? माणसानं इतकी वर्सं राबून केलेली गाडी. त्यापरीस बायकू माहेरी रमली म्हनू दे की त्यास्नी." एवढं बोलून तिनं मामीला चहा टाकायला सांगितलं. आम्ही तो प्यायलो. मला रडू आलं नाही, तेव्हाही नाही आणि दोन वर्षांनी ती गेली तेव्हाही नाही. त्या दिवसापासून आत काहीतरी झोपलं ते झोपलंच.

आबा, तुम्ही कोणतं दुःख निवडलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. बायको सोडून गेली हे, की तुमच्या हातानं तिचे पाय गेले हे. तिनं तुमच्यासाठी एक निवडलं आणि तुम्ही ते निमूट वागवलंत. हे पत्र घडी घालून कपाटात ठेवीन. वस्तीचा पत्ता मला तोंडपाठ आहे, पण तुम्ही हयात असता तरी मी ते टपालपेटीत टाकलं नसतं. आईनं मला शपथ घातली नव्हती. तरीही.