लेखी नकार

अण्णा, आज आमच्या घरांना नकार आला आणि आम्ही क्रांती चौकात उभं राहून पेढे वाटले. तुम्ही म्हणाला असता, पोरगी येडी झाली.

आम्ही कंपनीतल्या कामगारांनी मिळून पैठण रोडला जागा घेतली, छोट्या घरांसाठी. शेजारच्या बंगल्यांच्या कॉलनीला आम्ही नको होतो. बांधकाम परवानगीचा अर्ज तुमच्याच जुन्या ऑफिसात गेला आणि दर वेळी नवी त्रुटी लावून परत आला. आधी रस्ता अरुंद, मग पाण्याची सोय दाखवा, मग नकाशाच जुना. कॉलनीतले लोक साहेबांच्या केबिनमधून हसत बाहेर पडले, की आता नवीन काहीतरी निघणार हे मी ओळखायचे. शिपायानं नमस्कार केला तरी त्यात मला डाव दिसायचा. शेवटी आमच्या वकीलबाई चिडल्या. "ताई, नाय म्हणायचं तर त्यांना कायद्यात बसणारं कारण लिहून द्यावं लागतं. शेजाऱ्यांना आवडत नाय, हे काय कारण झालं व्हय? म्हणून ते नाय म्हणतच नाहीत, नुसतं फिरवतात. लेखी नकार मागा. तो हातात आला की अपील करता येतं."

तेव्हा तुम्ही आठवलात. ऑफिसातून येऊन तुम्ही स्वयंपाकघरात बसलाय, आई भाकरी थापतेय, आणि तुम्ही सांगताय, "माझ्या टेबलावरून आजपर्यंत एकबी फाईल नामंजूर झाली नाय." मला केवढा अभिमान वाटायचा! आता तेच वाक्य मी उलटसुलट करून बघते. नामंजूर झाली नाही, मग मंजूर झाली का? की माणूस थकेपर्यंत परतच जात राहिली? तुम्ही वाईट नव्हता अण्णा. तरी मला तुमचा राग येतो, आणि असा संशय घेतल्याबद्दल स्वतःचाही येतो.

आज कारण लिहून आलं, परिसराच्या स्वरूपाशी विसंगत. वकीलबाई म्हणतात, हे अपिलात टिकणार नाही. सगळे खूश होते. आमच्यात कन्नड तालुक्यातल्या एक मावशी आहेत, आयुष्य भाड्याच्या खोलीत गेलेलं. पेढा खाता खाता त्या म्हणाल्या, "त्या हापिसात म्या लई वर्षांमागं चकरा मारल्या. तिथले एक बाबू लई गोड बोलायचे. बसा म्हणायचे, पाणी द्यायचे. पर घर काय झालं नाय. तुझे वडील तिथंच होते ना गं?"

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी म्हणाले, "नाही मावशी, ते दुसऱ्या खात्यात होते."