होडीखालची अंडी

१३ मार्च, शुक्रवार

प्रिय नुबियाताई,

तू खुशाल असशील. आईचा गुडघा सोडला तर इथे सगळे बरे आहे. मॅग्दालेना नदीचे पाणी यंदा अंगणात आले नाही. हे पत्र दोनदा कच्चे लिहून मग उतरवले आहे, म्हणून खाडाखोड दिसणार नाही.

मी आता शनिवारच्या प्रौढ वर्गाला जातो. लिहिया बाई एक नाटक शिकवतात. त्यातला नावाडी कुणाचा तरी निरोप खिशातच ठेवतो, पोचवत नाही. बाई म्हणाल्या, "नाटकाच्या जोडीला एकेक मजकूर आणा. छापील, हाताने लिहिलेला, कसाही. पण त्याने नाटकाशेजारी बसून बोललं पाहिजे."

होडीवाले आबुंदियोकाका खोकल्याच्या औषधाचे माहितीपत्रक घेऊन आले!

"काका, हे काय बोलणार नाटकाशी?"

"अहो बाई, तो नावाडी तीन अंक नुसता खोकतोय. कुणी औषध द्यायचं की नाही त्याला?"

बाईसुद्धा हसून हसून खाली बसल्या. मी टपालाचे नियम नेले होते, समास आखून. बाई म्हणाल्या, "सुबक आहे रे एलिएसेर. पण हे नाटकाशेजारी गप्प बसलंय. घरी दुसरं काही नाही?"

होते, ताई. माझ्या पेटीत होते.

तू गेलीस त्या सकाळी मिठाच्या बरणीखाली चिठ्ठी होती. वर लिहिले होतेस, "एलिएसेर, आईला वाचून दाखव." मी चौदा वर्षांचा होतो आणि तू गेल्यावर घरात वाचता येणारा मी एकटाच. अख्ख्या चिठ्ठीत माझ्यासाठी तेवढीच ओळ. वाटले, मी हिचा भाऊ नाही, टपालवाला. आईला म्हणालो, "काही ठेवलं नाही तिने."

"रागावली नसशील तर निरोप पाठव, मी येईन," असे तू आईला लिहिले होतेस. सहा वर्षे निरोप आला नाही तो माझ्यामुळे. आईमुळे नाही.

काल सकाळी चुलीपाशी मी तिला ती चिठ्ठी वाचून दाखवली. शेवटी तू लिहिले आहेस ना, काळी कोंबडी उलट्या होडीखाली अंडी घालते? तिथे आई एकदम ओरडली, "अगं बाई! आणि मी सहा वर्षं त्या एडेलमिराला अंडीचोर म्हणतेय!"

डोळे पुसत तशीच उठली आणि मक्याच्या गरम आरेपा घेऊन शेजारी तिच्याकडे गेली. दोघींचे हसणे इथवर ऐकू येत होते. परत येऊन म्हणाली, "पुन्हा वाच." सात वेळा वाचली.

मग म्हणाली, "लिही तिला, मी एक दिवसही रागावले नव्हते. तुझा कान मात्र पिळणार आहे. पण आधी ती येऊ दे, तिच्यासमोर पिळेन."

वर्गात मजकूर वाचायचा दिवस अठ्ठावीस तारखेचा. आई येणार आहे. तिचे म्हणणे, जिने चिठ्ठी लिहिली तिनेच ती वाचावी. माझ्या जागेवर मी बाईंना तुझे नाव लिहून दिले आहे. तू आली नाहीस तर ती जागा रिकामी राहील. मी वाचणार नाही.

कान तयार ठेवून, आईचा निरोप या खेपेस दुसऱ्याच दिवशी टपालात टाकणारा

तुझा भाऊ,
एलिएसेर