डिकी उघडण्याआधी कारण सांगा

तीर्थरूप मामांच्या चरणी जावई गणराजचा दंडवत.

इकडे तळवड्यात आम्ही खुशाल आहोत. तिकडे निलंग्याला आपला गुडघा आणि मामींचा डोळा कसा आहे ते कळवावं. वर्षालीला बघायला महिनाअखेरच्या रविवारी पाहुणे घेऊन येतो, चालेल ना, असं आपण फोनवर विचारलंत आणि उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवलात. (आपल्यापुढे फोनवर कुणाचं चालत नाही, म्हणून हे पत्र.) उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या काळात पोलिसांनी आमच्या गाडीची झडती घेतली. घाबरू नका. झडती मीच मागून घेतली.

त्याचं असं झालं. चाकणच्या कंपनीत माझी इतकी वर्षं गेली की गेटवर सिक्युरिटीवाला दिसला की डोक्याला न विचारता अंग कामाला लागतं. पिशवी उघडायची, डब्याचं झाकण काढायचं, हात वर करून उभं राहायचं. (वरणात बुडवून कुणी बेअरिंग पळवल्याचं ऐकिवात नाही, पण रीत म्हणजे रीत.) गेल्या महिन्यात मी फर्स्ट शिफ्ट करून वर्षालीला निगडीहून घेऊन येत होतो. ती तिथे बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जाते, अशी तेव्हा माझी समजूत होती. नाक्यावर एका शिपायाने गाडी थांबवून लायसन मागितलं, फक्त लायसन. मी खाली उतरलो, डिकी उघडली, डबा काढून झाकण उघडलं आणि दोन्ही हात वर करून उभा राहिलो. शिपाई म्हणाला, "कुठली कंपनी, काका? या पट्ट्यातली निम्मी माणसं असंच करतात. झाका तो डबा, मला भेंडी आवडत नाही." मागचा रिक्षावाला खो खो हसला. वर्षाली हसली नाही. ती खिडकीबाहेर बघत बसली. मामा, ते मला फार लागलं. पोरीदेखत बापाचे हात असे वर जाऊ नयेत.

मग मी हट्टालाच पेटलो. आमच्या सोसायटीत निशिगंधा नावाच्या वकीलबाई राहतात, त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्या म्हणाल्या, लायसन आणि गाडीचे कागद मागितले तर बिनबोभाट दाखवायचे. पण झडती म्हटलं की शांतपणे नाव आणि हुद्दा विचारायचा, कारण विचारायचं, दोन पंच बोलवा म्हणायचं, व्हिडिओ करा म्हणायचं आणि पंचनाम्याची प्रत मागायची. आवाज चढवायचा नाही, अडवाअडवी करायची नाही. मी सगळं पाठ केलं. पार्किंगमध्ये जयमाला लाटणं घेऊन पोलीस व्हायची (आपल्या लेकीला हे काम शिकवावं लागलं नाही) आणि ती "थांबा" म्हणाली की माझे हात वर. शेवटी हात खिशात घालून सराव केला. तर वकीलबाई म्हणाल्या, खिशात हात घालून पोलिसासमोर उभे राहाल तर भलतंच प्रकरण होऊन बसेल.

एका रविवारी सकाळी वर्षालीला क्लासला सोडायला निघालो, तर त्याच नाक्यावर नाकाबंदी. म्हटलं, आज सोक्षमोक्ष. पण मला कुणी थांबवेना! शिपायाने "चला, चला" केलं. मी पुढून गाडी वळवली, परत आलो. पुन्हा चला, चला. पुन्हा वळवली. वर्षाली म्हणाली, "बाबा, क्लास राहिला, आता घरी तरी चला." मी ऐकतो कसला. चौथ्या फेरीला एका हवालदारबाईंनी काठी आडवी घातली आणि डिकी उघडायला सांगितली. मी उतरलो. हात मांडीला चिकटवले आणि विचारलं, "आपलं नाव, हुद्दा आणि झडतीचं कारण कृपया सांगावं."

"इंदुताई गव्हाणे, हवालदार," बाई म्हणाल्या. "आन् कारण म्हंजे, एकच गाडी चारदा नाक्यावरून फिरती. एवढं पुरं न्हाई का, काका?"

वकीलबाईंनी याचं उत्तर शिकवलं नव्हतं. पण मी मागे हटलो नाही. पंच मागितले. समोरच्या टपरीवरचे दत्तोबा दूध उतू जात असताना गॅस बंद करून आले, शेजारचा पंक्चरवाला भिवा आला. व्हिडिओ सुरू झाला. डिकीतून जॅक निघाला, रेनकोट निघाला, जयमाला वर्षभर शोधत असलेली एक चप्पल निघाली. मग स्टेपनीखालून फडक्यात गुंडाळलेला जड लोखंडी गोळा निघाला. (वळणावर मागून गडगड आवाज येतो म्हणून मी गॅरेजवाल्याकडून दोनदा सस्पेन्शन खोलून घेतलं होतं!) दत्तोबा दोन पावलं मागे सरले. इंदुताई म्हणाल्या, "ह्यो काय बॉम्ब हाय का काय?"

वर्षाली गाडीतून उतरली. "माझा आहे," ती म्हणाली. "गोळाफेकीचा. मी पोलीस भरतीची तयारी करतेय. क्लासबिस नाही, मैदानावर जाते."

मी ज्यांच्याविरुद्ध महिनाभर कायदा पाठ केला, त्यांच्यातच माझी पोरगी निघाली होती! इंदुताईंचा चेहरा तर असा उजळला की त्यांनी तिथेच शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर तिला गोळा फेकायला लावला. दोन्ही पंच अंतर मोजायला धावले. "पोरी, खांदा अजून फिरव," असं इंदुताई ओरडत होत्या, आणि मी पंचनाम्याची प्रत मागत होतो. ती मी घेतलीच.

येताना वर्षाली म्हणाली, "बाबा, आज तुमचे हात वर गेले नाहीत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "दिवाळीत आजोबांनी पाहुणे आणले होते, त्यांनी मला चालून दाखवायला लावलं, उंची मोजली, केस सोडायला सांगितले. तीपण झडतीच होती ना? कारण कुणी सांगितलं नाही." घरी आल्यावर मी पंचनाम्याची प्रत कपाटात ठेवली आणि आपल्याला पत्र लिहायला कागद काढला.

असो. मामींना नमस्कार. आपण गुडघ्याला जपावं.

आपला जावई,
गणराज

ता. क. सोमवारी कंपनीच्या गेटवर माझे हात पुन्हा आपोआप वर गेले. माझं राहू द्या, माझं मी बघेन. पाहुण्यांना मात्र रविवारचा नकार कळवा, ही हात जोडून विनंती. जयमालाचंही हेच म्हणणं आहे, फक्त तिने हात जोडलेले नाहीत.

ता. क. पुन्हा एकदा. तरीही ते आलेच, तर दारातच मी त्यांचं नाव, हुद्दा आणि येण्याचं कारण विचारीन, आवाज न चढवता. पोहेही मीच आणून देईन, कारण वर्षाली त्या वेळी मैदानावर असेल.