थांबा हं, जोडते

प्रिय आत्या,

तू जाऊन नऊ वर्षं झाली, हे पत्र पोस्टात पडणार नाही. पण सांगितल्याशिवाय राहवेना.

तुझ्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजवर माहितीपट करतेय. महापुरात दोन दिवस खुर्ची न सोडता फोन जोडत राहिलेली ऑपरेटर कोण, हे कागदात कुठेच नाही. काल तिथल्या एका निवृत्त बाईंना कॅमेऱ्यासमोर बसवलं. माइकची वायर लावताना मी सवयीने म्हणाले, "थांबा हं, जोडते."

तू तुटलेलं बटण शिवतानाही हेच म्हणायचीस. आम्ही फिदीफिदी हसायचो.

बाई चमकल्या. "पुरात ती अस्संच म्हणायची! तू तिची कोण?"

आणि आम्हाला सांगायचीस, तिथे नुसत्या गप्पा मारल्या. लबाड!

माझं उत्तर रेकॉर्ड झालंय. ते कापणार नाही.

तिची भाची