आतून लावायची कडी

सोम., ३ नोव्हें.
दे.बा. आल्या. म्हणजे देशमुखबाई, वाचक मंडळाच्या अध्यक्ष. रविवारचा विषय ‘एकटेपण : लहानांची आणि मोठ्यांची पुस्तकं’. बोलायचं मी. का? तर "तुम्हाला अनुभव आहे ना!" लग्न केलं नाही, आई गेली, कोर्टातून रिटायर झाले. झाला अनुभव. पुस्तकांची पिशवी ठेवली, चहा दोनदा प्याल्या, घर न्याहाळलं. "एकटीला करमतं कसं हो?" तुम्ही गेलात की करमतं, हे ओठांवर आलं होतं.

मंगळ., ४
लहान मुलांची वाचून काढली. एकात एकटं अस्वल, एकात एकटा ढग, एकात नव्या शाळेतली एकटी मुलगी. शेवटच्या पानावर सगळ्यांना मित्र! म्हणजे एकटं असणं हा ताप आणि मित्र ही गोळी. एखाद्या अस्वलाला एकटंच बरं वाटतं, असं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? मुलांना मूर्ख समजतात.

बुध., ५
मोठ्यांची त्याहून भिकार. एक लेखक म्हणे डोंगरावर जाऊन राहिला आणि तिथे स्वतःला भेटला. जेवण कोण पोचवत होतं ते लिहिलेलं नाही. दुसऱ्यात प्रत्येक प्रकरणाखाली रिकाम्या ओळी, ‘तुमच्या भावना इथे लिहा’. लिहिलं : चीड. कोर्टात जन्म गेला, पाठ करून आलेला साक्षीदार तोंड उघडताच कळतो. हे सगळे पाठ करून आलेले.
दुपारी नफिसाभाभी, शेजारच्या. त्यांच्याकडे मुलगे, सुना, नातवंडं, त्यात शिलाई मशीन. दुपारी येतात, मागच्या खोलीत खाटेवर बसतात. बोलत नाहीत, मीही नाही. अख्ख्या बुलढाण्यात मला चालणारं हे एकच माणूस. दे.बां.ना मैत्री म्हणजे बडबड वाटते.

शुक्र., ७
भाभी अस्वलाचं पुस्तक चाळत होत्या. एकदम म्हणाल्या,
"ताई, इतवारी तुमी मीटिंगले जाऊन राह्यल्या ना?"
"हाव. काऊन?"
"चाबी देता का मले? दोन घंटे. आतून कडी लावून बसीन."
"आताही बसल्याच आहे ना तुमी."
"आता तुमी हाये ना घरात."
मग सांगितलं. न्हाणीत गेल्या तरी लेकरं दार ठोकतात. "जिंदगीत एक दिवस अकेली नाही बसली मी."
देते म्हटलं. पण राग आला, खूप आला. मला वाटायचं त्या माझ्याकडे येतात. त्या या खोलीकडे येत होत्या. मी नुसती अडचण.

रवि., ९
चावी दिली, मंडळात गेले. आधी दे.बां.नी सगळ्यांना गोल उभं केलं. हात धरा, म्हणा, ‘मी एकटी नाही’. माझ्या डाव्या हातातल्या हाताला भज्यांचं तेल. एकटेपणावर बोलायला ही जत्रा! बोलायला उठले. म्हटलं, या पुस्तकांत कोणालाच जागा लागत नाही. ढगाला आभाळ फुकट, लेखकाला डोंगर फुकट. आमच्याकडच्या बाईला दार लागतं, आणि त्याला आतून कडी. ते एकानेही लिहिलेलं नाही.
दे.बा. : "छान, छान. पण शेवट जरा सकारात्मक करा ना."
शेवट केलाच नाही. चप्पल घालून निघाले.
घरी लवकर पोचले. दार आतून बंद, माझंच. वाजवायला हात उचलला. आत अगदी शांत. हात खाली घेतला, पायरीवर बसले. गल्लीतून जाणारा प्रत्येक जण, "बाहेर काऊन बसल्या, मॅडम?" हवा खाऊन राह्यले म्हटलं. थंडी वाजत होती. थोडं रडू आलं, डोळे पदराने पुसले.
वेळ झाल्यावर कडी निघाली. भाभींचा चेहरा झोपून उठलेल्या पोरीसारखा.
"काय केलं एवढा वेळ?"
"काहीच नाही, ताई! काहीच नाही केलं!"
इतक्या खुशीत सांगितलं की मला हेवा वाटला.

मंगळ., ११
काल भाभी आल्या नाहीत. आजही नाही. भिंतीपलीकडे मशीन चालू. मागच्या खोलीत एकटी जाऊन बसले, पाच मिनिटांत उठले. स्वतःचाच तिरस्कार वाटला.

बुध., १२
आल्या, पण दारातच उभ्या.
"ताई, हर जुमेरातले द्याल का चाबी? तुमी कुठी जात असान त."
"आणि बाकीच्या दिवशी? बसाले येसान ना?" हे मी विचारलं. मी!
"पाहू ना," म्हणाल्या, आणि त्यांच्या घरातून कोणीतरी हाक मारली तशा पळाल्या.
उद्याच गुरुवार, त्यांची जुमेरात. नांदुऱ्याच्या बसने जाऊन परत यावं, तर दोन तासांत जमत नाही. ओळखीची घरं एकेक आठवून पाहिली. मी दार वाजवलं तर कोणाला बरं वाटेल, असं एकही सापडलं नाही. चावी अजून कमरेलाच आहे.