पडद्यावरची टेकडी

८ सप्टेंबर २०२५

नवा कॉम्प्युटर येणार म्हणून आमचा कॉम्प्युटरवाला धम्मपाल ऑफिसातला माझा जुना कॉम्प्युटर कोरा करायला बसला होता. मी ओरडलेच — थांब! पडद्यावर तीच हिरवी टेकडी, निळं आभाळ, पांढरे ढग! शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला सर येईपर्यंत मी तिच्याकडेच बघत बसायचे. धम्मपाल म्हणतो, "मॅडम, चित्र आहे ते, सोनं नाही." स्वतः मात्र लेकीचा फोटो लावून बसतो!

९ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत डबा राहिला बाजूला, नेटवर वाचत बसले. आधी म्हणे पडद्यावर नुसती नक्षी असायची — ठिपके, विटा, एकच चिमुकलं चित्र फरशीसारखं पुन्हा पुन्हा जोडलेलं. कॉम्प्युटरची ताकदच तेवढी! मग पूर्ण फोटो मावायला लागले. आणि माझी टेकडी खरी आहे!! मला इतकी वर्षं रंगवलेली वाटायची. अमेरिकेत कुणी रस्त्याकडेला गाडी थांबवून काढलेला साधा फोटो. आमच्या साहेबांच्या कॉम्प्युटरवरही तीच आहे, पण वर इतक्या फायली की गवताचं पातं दिसत नाही.

१० सप्टेंबर

टेकडीबद्दल आणखी वाचलं. तिथे आधी द्राक्षबाग होती! मुळांना कीड लागली, वेली उपटल्या, मग गवत उगवलं — तेव्हाचा तो फोटो. अख्ख्या जगाने बघितली ती उपटलेली बाग!

बाबांना सांगायलाच हवं. एप्रिलमध्ये दिंडोरीची आमची द्राक्षबाग काढली, खोडकिडीपायी. तेव्हापासून बाबांनी मळ्यात पाऊल ठेवलेलं नाही. ओट्यावर बसून असतात. उपटलेली खोडं आईला चुलीतसुद्धा घालू देत नाहीत. मला बघवत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

फोटो छापून घरी नेला. चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं! बाबांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं, मंग? परत लावली का त्यांनी?"

हे मला सुचलंच नव्हतं! तिथेच ओट्यावर मोबाईल काढून शोधलं. लावली! काही वर्षांनी त्याच टेकडीवर पुन्हा वेलींच्या रांगा!

बाबांनी चष्मा काढला. कागदाची घडी करून खिशात ठेवली. आई आत बोलावून म्हणाली, "कशाला गं खपली काढती त्यांची?" परतताना बसमध्ये रडू आलं. मला मेलीला उत्साह फार.

१६ सप्टेंबर

घरून फोन नाही. नव्या कॉम्प्युटरवर टेकडी लावली नाही.

१८ सप्टेंबर

बाबांचा फोन — मळ्यातून! "गवत गुडघ्याएवढं झालंय, लय हिरवं दिसतंय. रविवारी ये आन् तुझा तो तसला फोटो काढून घे. पाऊस उघडला की जेसीबी सांगितलाय, नव्या बागेचे चर मारायला. मंग काय गवत राहतंय!"