रोज एक पान, मनातलं

माय, तुला अक्षरओळख नव्हती आणि तुला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी हे तुलाच लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाला लिहायला बसलं की माझा हात अडतो. तुझी सून पंधरा दिवस झाले, गंगाखेडला तिच्या भावाकडे जाऊन बसली आहे. कारण विचारशील तर सांगायची लाज वाटते. वरणात मीठ कमी होतं, मी ताट भिंतीवर फेकलं. तिने ताट उचललं, भिंत पुसली आणि पिशवी भरली. "तुमच्या मनात काय सलायलंय ते बोला, न्हाईतर डॉक्टरला दाखवा. त्याबिगर मी यायची न्हाई," एवढं म्हणून एसटीत बसली.

म्हणून परभणीला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने माझ्या लेकीएवढ्या. गोळी नाही, सुई नाही. म्हणाल्या, "काका, रोज एक पान लिहा. मनात येईल ते. बरं वाटेल." म्हटलं, एवढंच ना? तीस वर्षं पालमच्या जनावरांच्या दवाखान्यात सुया देतोय, रजिस्टर लिहितोय, मला कोण लिहायला शिकवणार! खताच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी काढली. तिच्या प्रत्येक पानावर छापलंय, आनंदी राहा, हसत राहा. ते बघूनच डोकं तापतं. पहिल्या दिवशी लिहिलं: सकाळी सात, चहा अर्धा कप, भूक मध्यम, चिडचिड आहे, उपचार चालू. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त चहा पूर्ण. आठवड्याने वही दाखवली तर बाई हसू दाबत म्हणाल्या, "काका, हे म्हशीचं झालं. तुमचं कुठंय?" असा संताप आला मला! म्हैस परवडली, तिच्या अंगावरून हात फिरवला की कळतं तरी कुठं दुखतंय.

तेव्हापासून रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी बसतो. 'मला' एवढा शब्द लिहितो आणि तिथंच थांबतो. पान फाडतो, पुन्हा 'मला'. निम्मी डायरी अशी संपली. जनावरांचे बावन्न रोग तोंडपाठ आहेत आणि स्वतःच्या मनाचं एक वाक्य जमत नाही, म्हणजे काय म्हणावं? सगळं पालथ्या घड्यावर पाणी. काल एक बाई आजारी शेळी घेऊन आली. मी सुई भरत होतो आणि ती शेळीची मान कुरवाळत बोलत होती, "लय दुखायलंय का गं? मलाबी दुखतंय, कुणाला सांगू?"

तू अशीच बोलायचीस. आप्पा मेंढरं घेऊन चार-चार महिने रानोमाळ, घरात तू आणि आम्ही. दिवस कलला की आपल्या भुरी म्हशीचं दूध काढायला बसायचीस आणि धारेबरोबर तोंडही चालू. "ऐकायलीस का गं भुरे? आज जावेनं चारचौघांत मला भिकारी म्हटलं. म्या काय म्हटलं? कायबी न्हाई. तुलाच सांगायले." गुडघा, सासू, आप्पांची न आलेली खबर, सगळं तिच्या कानात. मग तोंडावर पाणी मारून हसत भाकरी थापायला बसायचीस.

मला नोकरी लागली, त्याच्या पुढच्या महिन्यातली गोष्ट. दवाखान्यातले दोघं जेवायला आलेत, अंगणात बाजेवर बसलेत. तू पलीकडे भुरीला काहीतरी सांगतेस, मधेच डोळे पुसतेस. ते दोघं एकमेकांकडे बघून हसतात. मी तरातरा तुझ्याजवळ येतो. "माय, चूप बैस की. लोक येडी म्हणतेत तुला." तू लुगड्याला हात पुसतेस. "बरं बाबा," म्हणतेस. बस, एवढंच. भुरी आठ दिवस मान वळवून तुझ्याकडे बघत होती. तू पुढची बारा वर्षं मुकाट्याने दूध काढलंस. गावात म्हणायचे, म्हातारी शांत झाली. मीही तेच म्हणायचो, आणि मला खरं काय ते माहीत होतं.

तुझी सून त्यानंतर आली. तिने तुला गप्पच पाहिलं, तुझं बोलणं तिला माहीतच नाही. आणि तिने तोंड उघडलं की मी तिला सांगत आलो, माझ्या मायकडून शीक, कुणाला एक शब्द बोलली नाही कधी. पंचवीस वर्षं सांगत आलोय.

आज पान भरलं. डॉक्टरीणबाईंना ते दाखवणार नाही, तुझ्यापर्यंत ते जायचं नाही. ते जायला पाहिजे गंगाखेडला. पण मी अजून फोनसुद्धा केलेला नाही. इतके दिवस, काय बोलावं ते कळत नाही म्हणून केला नव्हता. आज कळलंय म्हणून करत नाही.